यकृतातलं अंजीर

इटलीतल्या औषधांच्या दुकानात कॉड माशाच्या यकृताचं तेल मिळतं. बाटलीवर लिहिलेलं असतं, ‘ओलिओ दि फेगातो दि मेर्लुत्सो’. ओलिओ म्हणजे तेल, मेर्लुत्सो म्हणजे कॉड आणि मधला फेगातो म्हणजे यकृत. दिसायला साधं, सरळ नाव. पण त्या मधल्या शब्दाची घडी उलगडली की आतून अंजीर निघतं. फेगातो या शब्दाचा मुळातला अर्थ आहे ‘अंजिरं चारलेलं’. उत्तर अटलांटिकच्या गारठलेल्या पाण्यात वाढणाऱ्या कॉडला अंजीर कोण चारणार? तरीही इटालियन भाषा कॉडच्या, कोंबडीच्या, बकऱ्याच्या आणि माणसाच्याही यकृताला शतकानुशतकं हेच फळाचं नाव देत आली आहे. ते तिथे शिरलं कसं, याचा माग काढायचा तर वाट रोमन स्वयंपाकघरातून जाते, आणि पुढे थेट आपल्या मराठीपर्यंत येऊन पोचते.

बडं घराणं

अभिजात लॅटिनमध्ये यकृताला ‘येकुर’ म्हणत. सिसेरो, होरेस, प्लिनी यांच्या लेखनात हाच शब्द आहे, आणि तो मोठ्या मानाचा होता. बळी दिलेल्या जनावराचं यकृत पाहून देवांची मर्जी ओळखणं ही रोमची एक अधिकृत विद्या होती. ती रोमनांनी उत्तरेकडच्या शेजाऱ्यांकडून, एत्रुस्कन लोकांकडून घेतली होती. 1877 साली उत्तर इटलीतल्या पियाचेंझा शहराजवळ नांगरणी करताना शेतात काशाची एक विचित्र वस्तू सापडली. ते मेंढीच्या यकृताचं प्रतिरूप होतं, हातात मावेल एवढं, लांबीला साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास. त्याच्या कडेला 16 कप्पे पाडलेले आणि पृष्ठभागावर एत्रुस्कन लिपीत देवांची नावं कोरलेली. आकाशाचे सोळा भाग आणि यकृताचे सोळा भाग यांची ती जुळणी होती. कोणत्या भागावर डाग, कुठे गाठ, कुठे सुरकुती, यावरून कोणता देव काय म्हणतो ते सांगायचं. शिकाऊ पुरोहिताच्या हाती द्यायचा नकाशाच म्हणा.

ज्युलियस सीझरच्या शेवटच्या दिवसांबद्दल सिसेरोने एक हकिकत नोंदली आहे. सीझरने दिलेल्या एका बळीत हृदयच सापडलं नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या बळीत यकृताचं ‘डोकं’ म्हणून ओळखला जाणारा उंचवटा नव्हता. इ.स.पू. 44 च्या मार्चमध्ये सीझरचा खून झाला, तेव्हा लोकांनी ही खूण आठवली नसती तरच नवल.

देवांचा निरोप यकृतात, तसेच माणसाचे विकारही यकृतातच. होरेसच्या कवितेत मत्सराने पेटलेल्या प्रियकराचं यकृत पित्ताने फुगतं. दुसऱ्या शतकात रोममध्ये सम्राटांवर उपचार करणारा ग्रीक वैद्य गेलन सांगत असे, की खाल्लेल्या अन्नाचं रक्त यकृतातच बनतं आणि तिथून ते अंगभर जातं. विल्यम हार्वेने 1628 मध्ये रक्ताभिसरणावरचा ग्रंथ छापेपर्यंत युरोपातल्या वैद्यकशाळांमध्ये गेलनचंच म्हणणं प्रमाण होतं.

धर्म, काव्य आणि वैद्यक या तिन्ही ठिकाणी ‘येकुर’चा एवढा दबदबा. अशा शब्दाला कोण हलवणार, असं वाटावं. त्याला हलवलं एका पदार्थाने.

सुक्या अंजिराचा खुराक

पाळीव पक्ष्यांना ठासून चारून लठ्ठ करण्याची कला रोमपेक्षा फार जुनी आहे. इजिप्तमधल्या सक्कारा इथल्या चार हजार वर्षांहून जुन्या थडग्यांच्या भिंतींवर हंसजातीच्या पक्ष्यांना धरून घास भरवणारे सेवक कोरलेले आहेत. या पक्ष्यांच्या शरीराची घडणच त्याला अनुकूल असते. रानातले हंस लांबच्या स्थलांतरापूर्वी खूप खातात आणि जादा ऊर्जा चरबीच्या रूपात यकृतात साठवून ठेवतात. पाळीव हंसाला उडून कुठे जायचं नसतं, पण शरीराची सवय तीच. गोड खुराक भरपूर मिळाला, की जास्तीच्या साखरेची चरबी होते आणि यकृत कित्येक पटींनी मोठं, फिकट आणि लोण्यासारखं मऊ होतं.

भूमध्य समुद्राच्या काठावर स्वस्त, टिकाऊ आणि गोड असं काय होतं? सुकं अंजीर. त्याच्या वजनात जवळपास निम्मी साखरच असते. ऊस तिथे नव्हता, मध महाग होता, अंजीर मात्र परसात पिकत होतं.

ग्रीकांनी अशा अंजिरावर पोसलेल्या यकृताला नाव दिलं ‘सुकोतोन’. ‘सुकोन’ म्हणजे अंजीर, त्यावरून हे विशेषण. रोमनांनी ग्रीकांकडून पाककृती घेतली आणि नावही घेतलं, फक्त त्याला लॅटिन कपडे चढवले. लॅटिनमध्ये अंजीर म्हणजे ‘फीकुस’. म्हणून अंजिरावर पोसलेलं यकृत झालं ‘येकुर फिकातुम’. होरेसने आपल्या एका उपहासकवितेत एका नवश्रीमंताच्या मेजवानीचं वर्णन केलं आहे. तिथल्या थाळ्यांत अंजिरांवर पोसलेल्या पांढऱ्या हंसिणीचं यकृतही येतं.

खवय्येगिरीसाठी बदनाम असलेला आपिसियुस हा श्रीमंत रोमन त्याच्याही पुढे गेला. व्हेसुव्हियसच्या उद्रेकात इ.स. 79 मध्ये मरण पावलेला थोरला प्लिनी लिहितो, की हंसावरचा प्रयोग डुकरिणीवर करण्याची युक्ती या आपिसियुसची. तिला सुकी अंजिरं चारून चारून पुष्ट करायची, मग मध घातलेली वाइन पाजायची आणि ती तृप्त असतानाच एकाएकी मारायची. गेलननेही अन्नपदार्थांच्या गुणांवर लिहिताना अंजिरं खाऊन वाढलेल्या डुकराच्या यकृताची दखल घेतली आहे. वैद्याच्या ग्रंथात येण्याइतकी ही गोष्ट रूढ झाली होती.

विशेषण घरात शिरलं

आता भाषेची करामत पाहा. आपण ‘कोल्हापुरी चप्पल’ असं पूर्ण क्वचितच म्हणतो, नुसतं ‘कोल्हापुरी’ म्हटलं तरी पुरतं. विशेषण एकटंच नामाचं काम करतं. आता कल्पना करा, की उद्या लोक पायात घालायच्या प्रत्येक वस्तूला कोल्हापुरी म्हणू लागले, सँडललाही आणि गमबुटालाही, आणि ‘चप्पल’ हा शब्द पार विसरला गेला. लॅटिनमध्ये नेमकं हेच घडलं. ‘येकुर फिकातुम’मधलं येकुर आधी गळलं आणि ‘फिकातुम’ म्हणजे अंजिरावर पोसलेलं खास यकृत असा अर्थ उरला. मग खासपणाही गळला. अंजीर चारलेलं असो वा नसो, हंसाचं असो वा बैलाचं, यकृत म्हणजे फिकातुम.

इटालियनमध्ये असे शब्द आणखीही आहेत. पीच या फळाला तिथे ‘पेस्का’ म्हणतात. मुळात ते होतं ‘मालुम पेर्सिकुम’, म्हणजे इराणी सफरचंद. सफरचंद गेलं आणि इराण तेवढा राहिला. हिवाळ्याला ‘इन्व्हेर्नो’ म्हणतात. ते होतं ‘तेम्पुस हिबेर्नुम’, हिवाळी काळ. त्यातला काळ गेला आणि ‘हिवाळी’ उरलं. (हे ‘हिबेर्नुम’ आपल्या ‘हिम’ आणि ‘हेमंत’ यांच्याच कुळातलं आहे.)

फिकातुमचा हा प्रवास आपल्याला चक्क पाककृतींमध्ये सापडतो. आपिसियुसच्या नावावर चालणारं, पण त्याच्यानंतर कित्येक पिढ्यांनी संकलित झालेलं लॅटिन पाकशास्त्राचं एक पुस्तक आहे. त्यात ‘फिकातुम’ नावाचं छोटंसं प्रकरणच आहे, आणि शब्द नाम म्हणूनच वापरलेला आहे. एका कृतीत यकृताला बोरूने चिरे पाडून ते माशांपासून केलेल्या खारट रसात मुरवायचं. त्यात मिरी, लव्हेज नावाची सुगंधी वनस्पती आणि तमालाच्या जातीच्या लॉरेल झाडाची दोन फळं घालायची. मग ते आतड्यांवरच्या चरबीच्या जाळीदार पडद्यात गुंडाळून जाळीवर भाजायचं. त्यातली मिरी अर्थात आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून गेलेली.

आज तोस्कानातल्या खाटकाकडे ‘फेगातेल्ली’ मिळतात. डुकराच्या यकृताचे तुकडे, सोबत लॉरेलचं पान, वरून चरबीची तीच जाळी, आणि मग विस्तवावर भाजायचे. फेगातेल्ली म्हणजे ‘छोटे फेगातो’. पदार्थही तोच आणि नावही तेच. मधल्या काळात साम्राज्य कोसळलं, लॅटिनची इटालियन झाली, पण चरबीच्या जाळीत गुंडाळायची रीत सुटली नाही.

नवा शब्द जिंकल्याचा पुरावा मठांमध्ये आहे. आठव्या शतकाच्या सुमारास उत्तर फ्रान्समध्ये कोणीतरी लॅटिन बायबलमधल्या कठीण शब्दांची एक यादी केली. ती रायखेनाऊच्या मठात सापडली म्हणून त्या मठाच्या नावाने ओळखली जाते. एका बाजूला ग्रंथातला शब्द, दुसऱ्या बाजूला लोकांना कळेल असा शब्द. ‘सुंदर’ या अर्थाच्या ‘पुल्क्रा’समोर तिथे ‘बेल्ला’ लिहिलेलं आहे, आणि ‘येकुर’समोर ‘फिकातुम’. म्हणजे सीझरच्या काळात शाळकरी पोरांनाही ठाऊक असलेला शब्द आता पाद्र्यांना समजावून सांगावा लागत होता.

हरलेल्याची अडचण

येकुर हरलं याचं एक कारण त्याच्या स्वभावातही होतं. ते चालवायला फार कटकटीचं नाम होतं. ‘येकुर’ची षष्ठी कोणी ‘येकोरिस’ करी, तर कोणी ‘योकिनेरिस’. प्रथमेत ‘र’ आणि पुढच्या विभक्तीत मध्येच ‘न’ टपकतो. हा विक्षिप्तपणा लॅटिनचा स्वतःचा नव्हता, फार जुन्या पूर्वजाकडून आलेला होता. कारण संस्कृतात या शब्दाचा सख्खा भाऊ आहे, ‘यकृत्’, आणि त्याची षष्ठी होते ‘यक्नः’. तिथेही ‘र’ची जागा ‘न’ घेतो! ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात शरीराच्या एकेका अवयवातून रोग उपटून काढणारं एक सूक्त आहे. त्यात यकृताचा उल्लेख याच ‘यक्नः’ रूपात येतो. हजारो वर्षांपूर्वी, लॅटिन आणि संस्कृत वेगळ्या होण्याआधी, जी भाषा बोलली जात होती तिच्यात अशा नामांचा एक गटच होता. मराठीत आपण तो आजही नकळत वापरतो. ‘अहर्निश’मध्ये दिवस ‘अहर्’ आहे आणि ‘मध्याह्न’मध्ये तोच दिवस ‘अह्न’ आहे. एकाच शब्दाची ‘र’ची आणि ‘न’ची बाजू.

ज्याची रूपं चालवताना जीभ अडखळते, त्याच्यापेक्षा ‘फिकातुम’सारखं सरळ, नियमित रूप बोलणाऱ्यांना सोपं वाटणारच. शिवाय साध्या माणसाला यकृत कुठे भेटायचं? पुरोहिताच्या हातात कधीमधी, वैद्याच्या ग्रंथात कधीच नाही, आणि खाटकाच्या दुकानात दर आठवड्याला. अवयवाचं नाव जिथे तो विकला जातो तिथून आलं. इटालियन माणसाचं डोकं म्हणजे ‘तेस्ता’, तेही लॅटिनमधल्या मातीच्या भांड्यावरूनच आलं आहे. घरगुती, थट्टेखोर बोलीने अशी बरीच जुनी, गंभीर नावं बाजूला सारली.

एक कोडं मात्र यात दडलेलं आहे. लॅटिन ‘फिकातुम’ उच्चारताना जोर ‘का’वर येतो. व्हेनिसच्या बोलीत कांद्यात परतलेल्या प्रसिद्ध यकृताला ‘फिगा’ म्हणतात, जोर शेवटावर. रोमानियन ‘फिकात’मध्येही तसंच. ही रूपं नियमाला धरून आहेत. पण प्रमाण इटालियनमध्ये जोर पहिल्याच ‘फे’वर पडतो. स्पॅनिश ‘इगादो’ आणि पोर्तुगीज ‘फीगादु’ यांचंही तेच. हा जोर मागे का सरकला? सर्वाधिक मानलं जाणारं उत्तर असं, की रोमच्या स्वयंपाकघरांत ग्रीक बोलणारे आचारी खूप होते, त्यांच्या तोंडचं ‘सुकोतोन’ आणि लॅटिन ‘फिकातुम’ एकमेकांत मिसळले आणि त्या सरमिसळीत शब्दाचा ठेका बदलला. तसं असेल तर आजचा इटालियन माणूस ‘फेगातो’ म्हणतो, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक बल्लवाचा हेल त्याच्या तोंडून उमटतो.

ग्रीसमध्येही शेवटी हेच झालं. तिथलं जुनं ‘हेपार’ बोलीतून गेलं आणि आज यकृताला ‘सिकोती’ म्हणतात, म्हणजे पुन्हा अंजीरच. फ्रेंचमध्ये फिकातुम झिजून झिजून ‘फ्वा’ झालं. ‘फ्वा ग्रा’ हा पदार्थ त्यातलाच, शब्दशः चरबीदार यकृत. गंमत अशी, की फ्रान्समध्ये आज त्या पक्ष्यांना अंजीर नाही, मका भरवतात, आणि मका तर कोलंबसानंतर अमेरिकेतून आला. या सक्तीच्या भरवण्यातल्या क्रौर्यामुळे भारताने 2014 मध्ये फ्वा ग्राच्या आयातीवर बंदी घातली.

जिगर, काळीज आणि फेगातो

इटालियनमध्ये ‘फेगातो असणं’ म्हणजे धाडस असणं. बेदरकार माणसाला ‘फेगाताच्चो’ म्हणतात. रागाने किंवा हेव्याने आतल्या आत जळणारा माणूस ‘स्वतःचं फेगातो कुरतडतो’. पुरोहितांची विद्या लोपली, गेलनचं शास्त्र खोटं ठरलं, पण भावना यकृतात राहतात ही समजूत वाक्प्रचारांत टिकून राहिली.

मराठी वाचकाला इथे काहीतरी ओळखीचं वाटेल. आपण धाडसी माणसाला ‘जिगरबाज’ म्हणतो. हे ‘जिगर’ फारसीतून आलं, आणि फारसीत त्याचा अर्थ यकृतच. इतकंच नाही, ते ‘यकृत्’चंच इराणी भावंड आहे. शब्दारंभीच्या ‘य’चा फारसीत ‘ज’ होतो. संस्कृत ‘युवन्’ तिथे ‘जवान’ होतो, तसंच हे. ग्रीक ‘हेपार’ही याच घरातलं. तिथे आरंभीच्या ‘य’चा ‘ह’ झाला आणि मधल्या ‘क’च्या जागी ‘प’ आला. त्या हेपारवरून वैद्यकातला ‘हिपॅटायटिस’ आला. तेव्हा एखाद्या जिगरबाज माणसाला हिपॅटायटिस होऊन त्याचं यकृत सुजलं, असं म्हटलं की एकाच पूर्वजाचे तीन वंशज एका वाक्यात बसतात.

पण मराठी बोलीनेही जुन्या शब्दाला जागेवर राहू दिलं नव्हतंच. आपला बोलीतला शब्द ‘काळीज’. तो संस्कृत ‘कालेय’ या यकृतवाचक शब्दापासून आलेला आहे. मटणाच्या दुकानात ‘कलेजी’ मागितली की मिळतं ते यकृतच. मात्र काळीज धडधडतं, काळजाला घरं पडतात, सिंहाचं काळीज असतं, तेव्हा आपल्या मनात हृदय असतं. म्हणजे आपल्याकडे यकृताचं नाव सरकत सरकत छातीत जाऊन बसलं, आणि यकृताला पोथ्यांतून ‘यकृत’ परत बोलवावं लागलं. इटालियनांनीही तेच केलं. रोजच्या बोलण्यात फेगातो, आणि डॉक्टरांसाठी ग्रीककडून आणलेलं ‘एपातिको’. दोन्ही भाषांत एक शब्द खाटकाकडचा आणि एक ग्रंथातला.

फिकातुमची एक फांदी पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यालाही लागली. गोव्याच्या सोरपोतेलात डुकराच्या मांसाबरोबर जे यकृत बारीक चिरून घालतात, ते पोर्तुगीजांचं ‘फीगादु’. त्यांच्या भाषेत अंजीर म्हणजे ‘फीगु’, त्यामुळे तिथे फळ आणि अवयव यांचं नातं अजून कानाला ऐकू येतं. 1534 मध्ये लिस्बनहून निघालेला गार्सिया द ओर्ता हा वैद्य गोव्यात स्थायिक झाला. भारतीय वनौषधींवरचा त्याचा पोर्तुगीज ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहावर तो उपचार करत असे आणि त्या दरबारातल्या हकिमांशी औषधांवर चर्चाही करत असे. फारसी जाणणाऱ्या हकिमासाठी यकृत होतं ‘जिगर’, दख्खनच्या वैद्यांच्या पोथ्यांत ते होतं ‘यकृत्’, आणि ओर्ताच्या मातृभाषेत ‘फीगादु’. जिगर आणि यकृत् ही हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेली भावंडं अहमदनगरात एकमेकांच्या शेजारी नांदत होती. तिसरं भावंड येकुर ओर्ताच्या लॅटिन ग्रंथांत तेवढं उरलं होतं, कारण घरी बोलण्यातली त्याची जागा एका फळाने कधीच बळकावली होती.